‘टाइम प्लीज’ म्हणण्याची सोय

शिवाशिवीचा डाव रंगात आलेला असतो. ज्याच्यावर राज्य आहे तो पोरगा अगदी पाठीशी येऊन ठेपलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे पळणाऱ्याच्या चपलेचा अंगठा तुटतो. तो हात वर करून ओरडतो, ‘टाइम प्लीज!’ आणि सगळा खेळ थांबतो. अंगठा बसवून होईपर्यंत कुणी त्याला शिवत नाही. शब्द इंग्रजी खरे, पण ही सोय अस्सल आपल्या गल्लीतली. तशीच दुसरी सोय ‘कच्च्या लिंबू’ची. धाकट्या भावंडाला खेळात तर घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. हे नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. खेळणाऱ्यांनीच ते केले होते आणि तेच ते पाळीत. या दोन सोयींविषयी पुन्हा विचार करण्याची वेळ माझ्यावर आली ती मात्र अगदी अनपेक्षित कारणाने : आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरील खेळांमुळे.

मी कळंबच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मांजरा नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. वर्गात बसणारी बरीच मुले शिराढोण, इटकूर, मोहा, येरमाळा या गावांतून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. मागे द्वितीय वर्षाच्या वर्गात कथेतील निवेदकाविषयी बोलत असताना मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. काय झाले म्हणून विचारता एक विद्यार्थी उठून म्हणाला, ‘‘काही नाही सर, रातच्या गेमचं बोलत होतो. गोळी मी आधी हाणली. माझ्या मोबाइलवर तो खाली बी पडला. अन् मेलो मीच. लय लॅग मारायलंय.’’ मी म्हणालो, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडे.’’ वर्ग हसला, तोही हसला आणि खाली बसला.

घरी आल्यावर मात्र ते वाक्य पाठ सोडीना. तासभर मी जे समजावून सांगण्याची धडपड करीत होतो, ते त्या मुलाने चार शब्दांत मांडले होते. घटना एक, तिच्या हकिगती दोन, दोन्ही प्रामाणिक. आणि त्यांतली खरी कोणती हे ठरविणारा तिसराच कुणीतरी. मी त्यावर म्हण फेकली आणि पुढे गेलो. तेव्हापासून हा ‘लॅग’ म्हणजे काय ते मी मुलांकडूनच आणि मिळेल तेथून वाचून समजून घेत आलो आहे. जे समजले त्यातून जे मत बनले ते येथे मांडतो.

फ्री फायरच्या एका डावात साधारणपणे पन्नास खेळाडू असतात, बीजीएमआयमध्ये शंभर. ते सगळे एकाच रणांगणावर आहेत असे आपल्याला दिसते, पण प्रत्येकाच्या हातातला मोबाइल त्या रणांगणाची आपापली प्रत रंगवीत असतो. मूळ संहिता दूरवरच्या सर्व्हरपाशी असते. आपण बोट दाबले की त्याची वार्ता सर्व्हरकडे जाते, तेथे निवाडा होतो आणि तो परत येतो. वार्तेच्या या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे मुलांच्या बोलीतला ‘पिंग’. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात आणि खेळाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात आकड्याने दाखवितात. आकडा पन्नासच्या आसपास असेल तर खेळ सुरळीत चालतो. दीडशे-दोनशेवर गेला की अडखळू लागतो आणि तीनशेच्या पुढे खेळण्यात अर्थ उरत नाही. आपल्याकडे पापणी लवण्याइतक्या काळाला ‘निमिष’ असा सुंदर शब्द आहे. तीनशे मिलिसेकंद म्हणजे जवळपास तेवढेच. एका निमिषाच्या उशिराने माणूस मेलेला असतो.

या वार्ता धाडण्याची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. ई-पत्र किंवा पैशांचा व्यवहार नोंदणीकृत टपालासारखा चालतो. पोच मिळाली नाही तर पत्र पुन्हा धाडले जाते, उशीर झाला तरी हरवत नाही. झटपट चालणाऱ्या खेळांतल्या हालचालींची वार्ता बहुधा दवंडीसारखी असते. ऐकली त्याने ऐकली, हुकली ती हुकली. कारण शत्रू अर्ध्या सेकंदापूर्वी कोठे होता हे पुन्हा सांगण्यात हशील नसते, तोवर तो दुसरीकडे गेलेला असतो. म्हणूनच चित्रपट पाहताना जो खंड आपल्याला जाणवतही नाही, तोच खंड खेळात जीवघेणा ठरतो. चित्रपट पुढचा भाग आधीच साठवून ठेवू शकतो. खेळाचा पुढचा भाग अजून घडायचाच असतो.

खेळ रचणाऱ्यांना ही अडचण फार पूर्वी उमगली होती. १९९६ मध्ये आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’ या संगणकीय खेळात जॉन कारमॅक यांनी एक युक्ती वापरली. सर्व्हरचा निवाडा येण्याची वाट न पाहता खेळाडूच्या यंत्राने त्याची हालचाल अंदाजाने दाखवून मोकळे व्हायचे, आणि अंदाज चुकला तर मागाहून दुरुस्त करायचा. नेट अडखळले की धावत पुढे गेलेला खेळाडू रबराने ओढल्यासारखा मागे येतो, तो या दुरुस्तीमुळे. आपल्या परिभाषेत बोलायचे तर मोबाइल हा अविश्वसनीय निवेदक आहे. अजून न घडलेले तो घडल्यासारखे सांगतो आणि नंतर गुपचूप शब्द फिरवतो.

दुसरी युक्ती ‘हाफ-लाइफ’ या खेळाच्या संदर्भात यान बर्नियर यांनी २००१ मध्ये सविस्तर मांडली. गोळी झाडल्याची वार्ता पोचली की सर्व्हरने काळ थोडा मागे न्यायचा, झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते ते पाहायचे आणि त्यानुसार निवाडा द्यायचा. उशिरा पोचणाऱ्याला अशी सवलत मिळते, पण तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. ज्याचे नेट उत्तम आहे तो भिंतीआड सुखरूप पोचतो आणि मग मरतो, कारण पलीकडच्याच्या पडद्यावर तो अजून उघड्यावरच असतो. म्हणून ही सवलत किती द्यायची याला मर्यादा घालतात. त्यापलीकडे उशीर झाला तर तुमची गोळी तुमच्या पडद्यावर लागली तरी तिची नोंद होत नाही. ही युक्ती म्हणजे ‘कच्च्या लिंबू’चाच संगणकीय अवतार आहे. फरक इतकाच की कोणाला कच्चा लिंबू मानायचे, कितपत मानायचे आणि केव्हा मानायचे थांबवायचे, हे आता खेळणारे ठरवीत नाहीत.

आता प्रश्न असा की ही मर्यादा ओलांडण्याची पाळी कळंबच्या मुलावरच वारंवार का यावी? कळंब मुंबईपासून दूर आहे, हे उत्तर पटकन सुचते, पण ते टिकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कळंब ते मुंबई हे साधारण चारशे किलोमीटरचे अंतर काटायला त्याला दोन मिलिसेकंद पुरतात. सर्व्हर चार हजार किलोमीटरवरच्या सिंगापूरला असला तरी जाऊन येऊन चाळीसच्या आसपास. प्रत्यक्षात तंतू वळणावळणाने जातात आणि वाटेत नाकी लागतात, हे धरूनही आकडा तीनशेवर जाण्याचे कारण नाही. हा वेळ खर्ची पडतो तो बव्हंशी शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत, टॉवर आणि मोबाइल यांच्या मध्ये.

तेथे काय घडते ते आपण रोज पाहतो. टॉवरची क्षमता त्याच्या छायेतल्या सर्वांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे गाव एकदमच मोबाइल उघडते आणि प्रत्येक वार्तेला रांगेत उभे राहावे लागते. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत साधा फोन लावून पाहिलेल्या माणसाला ही रांग समजावून सांगावी लागत नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर येतो, आणि बॅटरी संपली की मुका होतो. आमच्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती हात-दोन हात जाडीच्या मातीच्या. उन्हाळ्यात त्या थंडावा देतात, पण लहरींनाही आत येऊ देत नाहीत. म्हणून पोरे रात्री माळवदावर चढतात. त्यातून मोबाइल स्वस्तातला असला की तोही तापून मंदावतो. यांतले एकही कारण खेळणाऱ्याच्या कौशल्याशी निगडित नाही. अंगण खरेच वाकडे होते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेडी जोडली गेली असे आपण म्हणू लागलो. ते खोटे नव्हते. पण ‘जोडलेले असणे’ ही क्रिया आपण दिव्याच्या बटणासारखी समजतो, चालू किंवा बंद. २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिट करण्यात आला. तरीही तो वेगच, म्हणजे रस्त्याची रुंदी. रस्ता रुंद असला म्हणून गाडी वेळेवर सुटते असे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमावलीत विलंब आणि त्याचे चढउतार यांचे निकष आले, मोबाइल कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळांवर द्यावेत असे बंधनही आले. हे स्वागतार्हच आहे. पण निकष सरासरीने मोजले जातात, आणि सरासरीत माळवद दिसत नाही. नकाशावर आमचे गाव रंगलेले असेल. त्या रंगाखाली रात्री नऊ वाजता किती उशीर होतो, हे पाहायचे तर खेळणाऱ्या पोराच्या पडद्याचा कोपराच पाहावा लागतो. ‘डिजिटल’ म्हणविणाऱ्या आपल्या काळावर रोजच्या रोज लिहिले जाणारे इतके नेमके टीकालेखन मला दुसरीकडे आढळलेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःही अनेक वर्षे घेत आलो आहे. पिण्याच्या पाण्याची वानवा असलेल्या भागात खेळातल्या उशिराचे कौतुक कशाला? पोरे बिघडतात, रात्र रात्र जागतात, ते वेगळेच. यांतला जागरणाचा भाग मला मान्य आहे. सकाळच्या तासाला पेंगणारी डोकी मी मोजतो. पण हे खेळ बंदी घातल्याने थांबत नाहीत, हेही आपण पाहिले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत पबजी होता. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परतला. पुढच्या जुलैत तोही दुकानांतून हटविला गेला आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, तर मुले ‘मॅक्स’वर गेली. दरम्यान २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविण्यात आला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत झालेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई करताना ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. शासन ज्याला क्रीडा म्हणते, त्याच्या मैदानाविषयी बोलणे हा छंदीफंदीपणा ठरू नये. कबड्डीचे मैदान एका बाजूला उतरते असेल तर आपण सामना सुरू होऊ देऊ का?

दंडाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. अनेक सांघिक खेळांत डाव मध्येच सोडणाऱ्याचे गुण कापले जातात, काही काळ त्याला खेळूही देत नाहीत. योहान हाउझिंगा या डच विचारवंताने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद केला आहे. लबाड खेळाडू निदान खेळ मानण्याचे सोंग तरी करतो, म्हणून समाज त्याला एक वेळ क्षमा करतो. खेळ मोडणारा मात्र खेळाचे जगच उधळून लावतो, म्हणून तो अक्षम्य. हाउझिंगाच्या या विभागणीत माळवदावरच्या पोराची जागा कोणती? त्याला खेळायचे आहे, नियम मान्य आहेत, सवंगडी हाका मारीत आहेत. आणि पडद्यावर ‘रिकनेक्टिंग’चे चक्र फिरते आहे. पलीकडच्यांच्या दृष्टीने तो पुतळ्यासारखा उभा आहे किंवा नाहीसा झाला आहे, म्हणजे खेळ मोडणारा आहे. शिव्या त्याला पडतात आणि गुणही त्याचेच कापले जातात. सर्व्हरचीही एक बाजू आहे, ती सांगायला हवी. हरण्याची वेळ आली की मुद्दाम नेट बंद करणारेही असतात, आणि तुटलेले नेट व तोडलेले नेट दुरून सारखेच दिसते. ‘टाइम प्लीज’चा गैरवापर करणारा भिडू आपल्याही गल्लीत होताच. पण गल्ली त्याला ओळखून होती. त्याच्या तिसऱ्या ‘टाइम प्लीज’ला कुणी भीक घालीत नसे आणि ज्याचा अंगठा खरेच तुटला त्याला कुणी अडवीत नसे. ही ओळख सर्व्हरपाशी नाही.

आणि ती माझ्यापाशी तरी होती का? टाळेबंदीच्या काळात आम्ही ऑनलाइन तास घेतले, त्यांवर छोट्या चाचण्याही घेतल्या. वीस मिनिटांची चाचणी, वेळ संपली की आपोआप बंद होणारी. एका चाचणीत एक मुलगी नवव्या मिनिटाला गळाली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, पुन्हा गळाली. शेवटी उत्तरे पोचली नाहीत. तिच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने वहीतल्या उत्तरांची छायाचित्रे धाडली; त्यांवरही मी वेळेचा नियम सांगितला. ती काही बोलली नाही. रेंज मिळावी म्हणून ती घरापासून लांब, बांधावरच्या लिंबाखाली बसून चाचणी देत होती, हे मला पुष्कळ उशिरा तिच्या मैत्रिणीकडून कळले. म्हणजे तिचीही हकिगत प्रामाणिक होती आणि माझीही. तिच्या पडद्यावर ती हजर होती, माझ्या पडद्यावर नव्हती. निवाडा माझ्या हाती होता आणि मी तो सर्व्हरसारखा दिला. फरक एवढाच की सर्व्हर तिला ओळखत नसता. मी दोन वर्षे तिला शिकवीत होतो.

म्हणून खेळातला उशीर मला आता क्षुल्लक वाटत नाही. त्याच टॉवरवरून, त्याच रांगेतून शिष्यवृत्तीचे अर्ज जातात, प्रवेशाच्या याद्या येतात. २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने मोबाइलवरून ‘ई-पीक पाहणी’त करायची असते, त्यासाठीही बांधावर रेंज शोधावी लागते. या सगळ्यांना अंतिम मुदत असते आणि ‘टाइम प्लीज’ कुठेच नसते. पण या कामांत उशिराचा आकडा कोपऱ्यात दिसत नाही, म्हणून पोचला नाही तो माणूस आळशी ठरतो. उशीर मोजून दाखविण्याचा प्रामाणिकपणा फक्त खेळाने पाळला आहे.

साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपला याच्याशी संबंध काय? आमच्याच तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा आपण शिकवतो. पिकविणारा बाजारात पोचतो, पण त्याच्या मालाचा निवाडा दुसऱ्याच्या हाती असतो, हे ती कथा वाचलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. टोमॅटोचा चिखल आणि मोबाइलवरचा डाव यांची तुलना मी करीत नाही; एकात घर उद्ध्वस्त होते, दुसऱ्यात एक संध्याकाळ. पण निवाड्याचे स्थान दूर असणे ही जी जाणीव आपल्या ग्रामीण साहित्याने इतक्या ताकदीने मांडली, ती या पिढीच्या वाट्याला नव्या रूपात आली आहे आणि तिच्यासाठी तिने आपले शब्दही घडविले आहेत : लॅग मारणे, नेट तुटणे, अडकणे, गळणे. आपण मात्र ‘रेंज नाही’ या वाक्याचा उपयोग अजून विनोदापुरताच करतो, जसा मी त्या दिवशी वर्गात म्हणीचा केला.

मागणी मोठी नाही. खेळ रचणाऱ्यांनी पुन्हा जोडले जाण्यास पुरेसा अवधी द्यावा आणि पहिल्या-दुसऱ्या तुटण्याला दंड करू नये. मोबाइल कंपन्यांनी व्याप्तीच्या नकाशावर संध्याकाळचा उशीरही गावनिहाय छापावा. परीक्षा आणि अर्ज घेणाऱ्यांनी उत्तर केव्हा पोचले याऐवजी केव्हा लिहून झाले ते धरावे. मोबाइलमध्ये उत्तर वेळेसह साठवून नेट आल्यावर पाठविण्याची सोय करणे तंत्राला अवघड नाही. आणि आपण शिक्षकांनी ‘गैरहजर’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एक फोन करावा.

त्या मुलीची पुढची चाचणी मी वहीवर घेतली. मागची नोंद मात्र तशीच राहिली, कारण तोवर गुण पुढे गेले होते. परवा तो गेम खेळणारा विद्यार्थी व्हरांड्यात भेटला. मी विचारले, ‘‘काय, पिंग किती आहे सध्या?’’ तो आधी चपापला, मग हसून म्हणाला, ‘‘दोनशे ऐंशी, सर.’’ आणि मी काही म्हणण्यापूर्वीच पुढे म्हणाला, ‘‘पण खेळायलाव.’’